डोंगरातल्या नॅशनल फॉरेस्टमध्ये तंबूसाठी मोकळी जागा कशी शोधायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना जून उजाडला की डोंगर दिसायला लागतात आणि आखीव कॅम्पग्राउंड तर सहा महिने आधीच भरलेले असतात. मग कोणीतरी सांगतं, ‘अरे, फॉरेस्टमध्ये फुकट राहता येतं.’ ते खरं आहे. पण कुठे, कसं आणि किती दिवस, यावरून पुढे प्रश्नांची रांग लागते. इथली उदाहरणं मुख्यतः कोलोरॅडोतली आहेत. जागा शोधायची रीत इतर राज्यांतही तीच.

डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात ते नेमकं काय?

आखीव कॅम्पग्राउंड सोडून, जंगलात जिथे परवानगी आहे तिथे आपला तंबू लावून राहणं. टेबल नाही, नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही. आरक्षण नाही आणि बहुतेक ठिकाणी पैसेही नाहीत. जो आधी पोचेल त्याची जागा. त्यामुळे रेक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर ती शोधत बसू नका, तिथे आरक्षणाची कॅम्पग्राउंड मिळतात.

फुकट म्हणजे काहीतरी गोम असणार. काय आहे?

गोम काही नाही. नॅशनल फॉरेस्ट हे नॅशनल पार्कपेक्षा वेगळं प्रकरण आहे. पार्क ‘इंटिरियर’ विभागाकडे (नावावरून वाटतं तसं हे आपल्याकडचं गृहखातं नव्हे), तर फॉरेस्ट शेतीखात्याकडे. १९०५ साली स्थापन झालेली फॉरेस्ट सर्व्हिस आज १५४ जंगलं सांभाळते, गवताळ प्रदेश धरून साधारण १९ कोटी ३० लाख एकर. ही जमीन लाकूड, चराई, पाणी, शिकार आणि भटकंती अशा सगळ्याच कामांसाठी राखलेली आहे. म्हणून सकाळी तंबूची चेन उघडल्यावर समोर गाय उभी दिसली तर दचकू नका. तिचा मालक चराईचे पैसे भरतो.

फरक कळायला रॉकी माउंटन नॅशनल पार्क पाहा. पार्कात रस्त्याकडेला गाडी लावून झोपलात तर रेंजर उठवणार. त्याच पार्काला खेटून असलेल्या अरापाहो-रूझवेल्ट फॉरेस्टमध्ये परवानगीच्या रस्त्यांवर राहता येतं. तेव्हा आपण हद्दीच्या कुठल्या बाजूला आहोत ते आधी बघायचं.

जागा शोधायला सुरुवात कुठून करायची?

मोटर व्हेइकल यूज मॅप या नकाशापासून. सगळे त्याला एमव्हीयूएम म्हणतात. प्रत्येक जंगल तो फुकट देतं. २००५च्या वाहन-नियमानंतर कुठल्या रस्त्यावर कुठलं वाहन, कोणत्या तारखांना चालेल, हे ठरवणारा कायदेशीर कागद हाच. जंगलात पाटी नव्हती ही सबब चालत नाही, नकाशात रस्ता नसेल तर तो बंदच समजायचा.

दिसायला हा नकाशा तलाठ्याकडच्या गावनकाशासारखा रुक्ष. डोंगराचा आकार नाही, झाडांचा हिरवा रंग नाही, नुसत्या रेघा आणि आकडे. पण त्यात तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, रस्त्याच्या दोन्ही कडांनी ठिपक्यांची ओळ आहे का. असेल तर त्या पट्ट्यात गाडी आत घेऊन मुक्काम करता येतो. किती आत, ते नकाशातच लिहिलेलं असतं. कुठे ३०० फूट, कुठे १५०, तर कुठे गाडीच्या लांबीएवढंच. दुसरी गोष्ट, तक्त्यातल्या तारखा. उंचावरचे कितीतरी रस्ते जूनच्या मध्यापर्यंत उघडतच नाहीत. तिसरी गोष्ट, मुख्य रस्त्याला फुटणारे आखूड फाटे. दोन-चारशे फुटांवर संपणारा फाटा बहुधा एखाद्या जुन्या मुक्कामाच्या जागेशीच संपतो.

हा नकाशा आव्हेन्झा अ‍ॅपमध्ये उतरवून घेतला की रेंज नसतानाही आपण कुठे आहोत तो निळा ठिपका दिसत राहतो. मग तोच भाग उपग्रहाच्या चित्रात बघा. झाडीत रस्त्यालगत मातीचे फिकट गोल डाग दिसले तर तिथे लोक राहतात. शेवटी उंचीच्या रेषा असलेला नकाशा. रेषा एकमेकींना चिकटलेल्या असतील तर तिथे तंबू लावून रात्रभर झोपेत घसरत बसाल. रेषांत अंतर आहे, म्हणजे सपाटी आहे.

घरून निघताना एक नाही, तीन जागा हेरून ठेवा. तिन्ही एकाच रस्त्यावरच्या नकोत.

अ‍ॅपवर लोकांनी टाकलेल्या जागा असतात की. एवढा खटाटोप कशाला?

आयओव्हरलँडर, द डर्ट, कॅम्पेन्डियम ही अ‍ॅप कामाची आहेत. मी ती रस्त्याची अवस्था कळायला वापरतो, जागा निवडायला नाही. ज्या जागेवर चाळीस जणांनी ‘अप्रतिम!’ लिहिलंय तिथे शुक्रवारी संध्याकाळी चाळीस गाड्या असतात आणि झाडांमागे टिश्यू पेपर. अभिप्राय वाचताना तारीख आधी बघा. ऑगस्टमध्ये ‘रस्ता मस्त’ असं लिहिणाऱ्याने तो रस्ता मेच्या चिखलात पाहिलेला नसतो. शिवाय त्या जागेवर यंदा बंदी आली असेल तरी ठिपका नकाशावरून हलत नाही.

आमच्याकडे साधी कॅमरी आहे. चालेल का?

कितीतरी ठिकाणी चालेल. फॉरेस्टच्या रस्त्याला नंबर असतो आणि तो ज्या पट्टीवर लिहिलेला असतो तिच्याकडे नीट बघा. आकडे आडवे लिहिलेले असतील तर रस्ता साधारणपणे साध्या गाडीचा. उभ्या पट्टीवर एकाखाली एक आकडे असतील तर तो उंच गाडीचा समजा. याला अपवाद भेटतात. पाऊस झाल्यावर तर आडव्या आकड्यांवरही भरवसा ठेवू नये.

रस्ता शंकास्पद वाटला तर गाडी थांबवा, उतरा आणि पुढचे दोनशे फूट चालून या. पावसाने खोदलेल्या चाकोऱ्या किती खोल आहेत, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागेल का, आणि पुढे वळवायला जागा आहे का, एवढंच बघायचं. यातला तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि मग अर्धा मैल उलटी गाडी चालवत येतात. डोंगरातून गाडी ओढून आणायला येणारा माणूस शेकड्यांनी डॉलर घेतो, तोही फोन लागला तर.

रेंजर ऑफिसला फोन करून उपयोग होतो का?

होतो, आणि आपले लोक तोच करत नाहीत. प्रत्येक जंगलाचे रेंजर डिस्ट्रिक्ट असतात, त्यातल्या नेमक्या डिस्ट्रिक्टला कामाच्या दिवशी फोन करा. शनिवार-रविवारी कार्यालय बंद असण्याची शक्यता जास्त. ‘चांगली जागा सांगा’ असं विचारलंत तर गुळमुळीत उत्तर मिळेल. त्याऐवजी नंबर घेऊन बोला: ‘अमुक नंबरच्या रस्त्यावरचं गेट उघडलं का? बर्फ कुठपर्यंत आहे? साधी गाडी कुठपर्यंत जाते? शेकोटीवर बंदी आहे का? अन्न ठेवण्याचा काही हुकूम आहे का?’ अशा प्रश्नांवर समोरचा माणूस खुलतो. पुष्कळदा आपण न विचारलेला चौथा रस्ताही तोच सुचवतो.

तिथे पोचल्यावर चांगली जागा ओळखायची कशी?

आधी वर बघायचं, मग खाली. कोलोरॅडोत १९९०च्या दशकापासून पाइन बीटल या किड्याने लॉजपोल पाइनची जंगलंच्या जंगलं वाळवली. ही मेलेली झाडं उभीच असतात आणि वारा आला की कधीही कोसळतात. साल गळून पडलेलं, राखाडी, फांद्यांचे नुसते काटे उरलेलं झाड तंबूपासून त्याच्या उंचीच्या दीडपट लांब असलं पाहिजे. आजूबाजूला तशी झाडं खूप असतील तर जागा कितीही देखणी असो, पुढे निघा.

मग जमीन. आधी कोणीतरी राहिलेली जागा शोधायची, नवी बनवायची नाही. घट्ट तुडवलेली माती, दगडांचं शेकोटीचं कडं, गाडी उभी करायची सपाट जागा अशा खुणा असतात. हिरव्या गवतावर गाडी घातली तर ते दबलेलं गवत तितक्या उंचीवर वर्षानुवर्षं सावरत नाही.

ओढ्याकाठची गवताची सपाटी फोटोत सुंदर दिसते, पण थंड हवा रात्री उतारावरून वाहत येऊन तिथेच साचते. पहाटे तंबूला बाहेरून दंव आणि आतून बाष्प. तिथून थोडं वर, झाडांच्या कडेला लावलेला तंबू उबदार राहतो, आणि डासही कमी. कोरड्या दिसणाऱ्या नाल्याच्या पात्रात मात्र कधीच नाही. वर कुठेतरी पडलेल्या पावसाचं पाणी इथे पोचायला तासभरही लागत नाही.

उघड्या माथ्यावरही नको. जुलै-ऑगस्टमध्ये रॉकीजमध्ये दुपारी विजांचा पाऊस हा रोजचाच कार्यक्रम.

पाण्यापासून, रस्त्यापासून किती अंतर ठेवायचं?

ओढा, तळं आणि पायवाट यांपासून २०० फूट, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ७० पावलं. काही जंगलांत १०० फूट चालतात, तरी २०० धरून चाला. रस्त्यापासूनचं अंतर नकाशात दिलेलं असतं. जुनी जागा पाण्याला अगदी चिकटून असली तर तिथे ‘नो कॅम्पिंग’ची पाटी शोधा. अशा बऱ्याच जागा बंद केल्या आहेत.

किती दिवस राहता येतं?

बहुतेक जंगलांत १४ दिवस. काही ठिकाणी १६, तर गर्दीच्या भागांत त्याहून कमी. कायमचं बिऱ्हाड थाटायला मनाई आहे. जागा अडवून ठेवायला गुरुवारी रिकामा तंबू लावून निघून जाणंही चालत नाही.

क्रेस्टेड ब्यूटला गेलो होतो, तिथे खांबांवर नंबर होते. मग मोकळं कॅम्पिंग कुठे गेलं?

गर्दीने गेलं. क्रेस्टेड ब्यूटभोवतीच्या स्लेट रिव्हर, वॉशिंग्टन गल्च, गॉथिक, केब्लर पास, ब्रश क्रीक आणि सिमेंट क्रीक या खोऱ्यांत २०२१पासून फक्त नंबर लावलेल्या जागांवरच राहता येतं. सोयी अजूनही काही नाहीत, पण खांब सोडून बाजूला तंबू लावला तर दंड. मला विचाराल तर हे बरंच झालं. त्याआधी तिथल्या कुरणांत गाड्यांचे नवेनवे मार्ग पडत होते. इतर लोकप्रिय भागांतही आता हीच रीत येते आहे, म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालो तर जागा मिळेल का?

डेन्व्हरहून दोन तासांच्या आतल्या भागात, जुलैच्या शुक्रवारी रात्री नऊला? अवघड आहे. अंधारात कच्च्या रस्त्यावर जागा शोधणं हे वाईट, आणि दमलेल्या मुलांसह शोधणं त्याहून वाईट. शक्य असेल तर गुरुवारी निघा किंवा शुक्रवारी दुपारी दोनच्या आत पोचा. नाहीच जमलं तर वाटेतल्या गावात मोटेलमध्ये झोपून शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला जा. तेव्हा आधीचे लोक जागा सोडत असतात.

शेकोटी पेटवता येते का?

त्या दिवशीची बंदी बघून ठरवा. ‘स्टेज १’ असेल तर आखीव कॅम्पग्राउंडच्या लोखंडी कड्यातच शेकोटी चालते. म्हणजे आपल्या मोकळ्या जागेवर नाहीच. ‘स्टेज २’मध्ये कुठेच नाही. बटणाने बंद होणारी गॅसची शेगडी बहुधा दोन्हींत चालते, कोळशाची नाही. कॅलिफोर्नियात तर मोकळ्या जागी गॅसची शेगडी लावायलाही फुकट मिळणारा कॅम्पफायर परवाना लागतो.

बंदी नसेल तर जमिनीवर पडलेलं वाळकं लाकूडच घ्या, मनगटाहून जाड नको. उभ्या झाडाला हात लावायचा नाही, मेलेल्याही नाही. घरून लाकूड नेऊ नका, त्यातून किडे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता आणि मग उघड्या हाताच्या पाठीने राख चाचपा. कोमट लागली तरी विझलेली नाही. नियम मोडल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिने कैद होऊ शकते. वणवा लागला तर विझवण्याचा खर्चही मागतात.

अस्वलं येतात का? आणि आपलं जेवण?

कोलोरॅडोत काळी अस्वलं आहेत. वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहोच्या काही जंगलांत ग्रिझली, म्हणजे मोठी तपकिरी अस्वलं. ब्रिजर-टेटन, शोशोन यांसारख्या ठिकाणी अन्न कसं ठेवायचं याचे कायदेशीर हुकूम आहेत आणि बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पळवायचा तिखट फवारा, जवळ हवाच. हिवाळ्याआधी काळं अस्वल दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खातं. त्याच्या नाकापुढे तुमच्या डब्याचं झाकण काहीच नाही.

आपली अडचण फोडणीची. हिंग-मोहरीचा वास पातेल्यालाच नाही, तर सदऱ्याला, टॉवेलला, केसांनाही लागतो. म्हणून स्वयंपाक तंबूपासून शंभर पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला करा. त्या कपड्यांत झोपू नका. भांडी लगेच धुवा आणि ते खरकटं पाणी ओढ्यापासून लांब नेऊन फेका. त्यातली शितं आणि कढीपत्ता गाळून कचऱ्याच्या पिशवीत. थेपले, चटणी-पोळी, दशम्या असं कोरडं नेलंत तर निम्मा त्रास वाचतो. अन्न, टूथपेस्ट, सनस्क्रीन, लोणच्याची बाटली, सगळं अस्वलरोधक डब्यात. गाडीत ठेवलंत तर काचा वर आणि दारं कुलूपबंद, कारण दाराचं हँडल ओढणं अस्वलांना जमतं. ग्रिझलीच्या भागात मात्र स्थानिक हुकूम वाचूनच ठरवा.

वर भात का शिजत नाही?

साडेनऊ हजार फुटांवर पाणी साधारण ९० अंश सेल्सियसलाच उकळतं. डाळ तर तासभर बोटचेपी होत नाही. छोटा प्रेशर कुकर न्या, नाहीतर मुगाची डाळ घरूनच भिजवून न्या.

पिण्याचं पाणी?

माणशी दिवसाला चार लिटर घरून न्या, स्वयंपाकाचं त्यातच. ओढ्याचं पाणी स्फटिकासारखं दिसलं तरी वर गायी चरत असतात, जिआर्डिया या पोट बिघडवणाऱ्या जंतूचा त्रास दोन-तीन आठवडे पिच्छा सोडत नाही. फिल्टर वापरा, किंवा उकळा. साडेसहा हजार फुटांच्या वर असाल तर उकळी आल्यापासून तीन मिनिटं.

परसाकडे कुठे जायचं?

पाणी, पायवाट आणि तंबू यांपासून २०० फूट लांब, छोट्या खुरप्याने सहा ते आठ इंच खोल खड्डा, नंतर माती लोटून वर पानं-काटक्या. कागद पिशवीत घालून परत आणा. पुरलेला कागद जनावरं उकरतात. जमीन खडकाळ असेल किंवा भरपूर लोक राहत असतील तर वॅग बॅग न्या, म्हणजे मैला भरून परत आणायची पिशवी. ज्यांना हे नकोच वाटतं त्यांच्यासाठी झाकणाची बादली आणि उभा छोटा तंबू मिळतो. आई-मावशी बरोबर असतील तर तो घ्याच.

आई-बाबा भारतातून आलेत. त्यांना नेलं तर?

न्या, पण लगेच नको. डेन्व्हर शहरच ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे जवळपास कळसूबाईच्या शिखराएवढं. मुक्काम त्याच्याही वर चार हजार फूट. विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी तिथे झोपवलंत तर डोकेदुखी, मळमळ, जागरण ठरलेलं. दोन-तीन रात्री शहरात काढा, पाणी भरपूर प्यायला लावा आणि पहिली जागा आठ हजारांच्या आत धरा. रक्तदाब किंवा हृदयाचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. श्वास लागला, तोल जायला लागला, बोलणं अडखळलं तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं.

थंडीचा अंदाजही त्यांना द्या. जुलैतही पहाटे पारा शून्याजवळ जातो. सह्याद्रीत गडावरच्या गुहेत चादरीवर झोपलेल्या माणसाला ते पटत नाही, तेव्हा स्लीपिंग बॅग तुम्हीच जास्तीच्या आणा.

मंडळाची ऐंशी माणसांची ट्रिप काढायची आहे.

७५ किंवा जास्त माणसं असतील तर फॉरेस्टचा परवाना लागतो. पैसे नसतात, पण अर्ज आधी करावा लागतो. तरी माझं मत विचाराल तर एवढ्या लोकांसाठी ग्रुप कॅम्पग्राउंड आरक्षित करा. ऐंशी माणसं, त्यांचे खड्डे आणि अंताक्षरी हे एका फाट्याला झेपणारं नाही.

जागा खासगी नाही ना, हे कसं कळणार?

कोलोरॅडोच्या डोंगरात जुन्या खाणींचे दावे आहेत. १८७२च्या कायद्याखाली कितीतरी तुकडे लोकांच्या मालकीचे झाले, आणि ते जंगलाच्या मधोमध पसरलेले आहेत. एमव्हीयूएमवर त्यांच्या सीमा नीट कळत नाहीत. गाया किंवा ऑनएक्स या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये जमिनीच्या मालकीचा थर लावून बघा. ‘नो ट्रेसपासिंग’ पाटी दिसली की वाद नको.

फोन लागेल का?

नाही असं धरून चला. घरच्यांना रस्त्याचा नंबर आणि परतीची वेळ लिहून द्या. आयफोन १४ किंवा नंतरचा असेल तर उपग्रहावरून मदत मागता येते. जुन्या फोनवाल्यांनी गार्मिन इनरीचसारखं यंत्र घ्यावं.

शरदात जाऊ का? अ‍ॅस्पेनची पिवळी झालेली झाडं बघायचीत.

सप्टेंबरचे शेवटचे दोन आठवडे. गर्दी वीकेंडलाच, रात्री कडाक्याच्या. त्याच सुमाराला शिकारीचे हंगाम सुरू असतात, म्हणून मुलांना आणि कुत्र्याला भडक नारिंगी जाकीट घाला. चांगल्या सपाट जागा शिकाऱ्यांच्या मोठ्या तंबूंनी आधीच व्यापलेल्या असतात. ते लोक बहुधा गप्पिष्ट निघतात आणि पुढे कुठला फाटा मोकळा आहे ते सांगतात.

भाड्याच्या गाडीने गेलो तर चालेल?

करार वाचा. बहुतेक कंपन्या कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई करतात, आणि तिथे टायर फाटला किंवा गाडी रुतली तर विमा आणि रस्त्यावरची मदत दोन्ही हात वर करतात. अशा वेळी डांबरी रस्त्यालगत नंबर लावलेल्या जागा असलेलं जंगल निवडा, नाहीतर गाववाल्या मित्राची सुबारू मागून घ्या.